फोडले नाहीत, उघडले

स्पीकरचा बॉक्स एका हाताने वर आला, तेव्हाच तिला कळलं, आतलं काहीतरी गेलंय.

तो बॉक्स एकट्याने उचलायचा नव्हताच कधी. वडील होते तेव्हा एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला ती, असा तो टेम्पोत चढायचा. वडील गेल्यावर ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, आणि कुणीच नसलं तर गुडघ्याचा टेकू देऊन, दातओठ खात, एकटीच चढवायची. आज तो रिकाम्या खोक्यासारखा वर आला. तिने तो खाली ठेवला, मागच्या फळीचे स्क्रू काढले आणि आत हात घातला. कागदाचा कोन होता, वायर होती. कोनामागे ताटलीएवढं जड, काळं चुंबक असायचं, तिथे काहीच नव्हतं. वाळलेल्या सोल्यूशनचे पापुद्रे होते आणि छन्नीचे ओरखडे. बारीक तारेची कॉइल हवेत उघडी लोंबत होती.

तिने दुसरा बॉक्स उघडला. मग तिसरा. चौथ्याला नुसतं पायाने ढकलून बघितलं. तो सरकन भिंतीपर्यंत गेला.

गल्लीत तिला भोंगेवाली म्हणत. आधी वडिलांना भोंगेवाले म्हणत, त्यांच्यामागे ते नाव तिला चिकटलं. सभा असो, लग्न असो, शाळेच्या शर्यती असोत, एकाचं बोलणं पुष्कळांच्या कानांवर घालायचं असलं की त्यांचे बॉक्स जायचे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिने टेलिफोन ऑफिसातली नोकरी सोडली आणि बॉक्स उचलले. फाटलेले कोन बदलायला, जळलेल्या कॉइल काढून नव्या बसवायला ती वडिलांच्या उशाशी बसून शिकली. तेव्हापासून धंदा तिचा होता. निदान ती तसं धरून चालली होती.

आणि उद्या दुपारी पंपाच्या कारखान्याच्या गेटवर सभा होती. बॉक्स सांगून ठेवलेले होते.

ती गोदामातून थेट मागच्या खोलीत गेली. दार ढकलायच्या आधीच तिला माहीत होतं आत कोण आहे आणि काय करतंय.

आत तिचा भाऊ होता. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच गडी, पण शेंडेफळ, म्हणून घरात आणि बाहेर बारक्याच. तो त्याच पंपाच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तार भरायचं काम, करायचा. नवीन मोटारी भराभर जळून परत यायला लागल्या, तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर तो इंजिनिअरला म्हणाला होता, "तार बारीक केलीत तुम्ही, मग जळणार नाही तर काय होणार?" दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं. त्याच्या बाजूने बोललेल्या दोघांनाही. तेव्हापासून तो या खोलीत कोंडून घेऊन स्वतःची मोटार बनवत होता.

टेबलावर लोखंडाची एक जाड गोल चकती होती. तिच्यावर, चार दिशांना, चार काळी चुंबकं.

"बॉक्स कुणी फोडले?" तिने विचारलं.

बारक्याने मान वर केली नाही. तो सॅंडपेपरने तारेच्या टोकाचं इनॅमल खरवडत होता. "फोडले नाहीत, उघडले."

"काय?"

"उघडले, ताई. फोडले असते तर कोन फाटले असते. कोन शाबूत आहेत चारही."

तिने त्याच्या हातातली तार हिसकावली आणि जमिनीवर आपटली. तांब्याची तार आपटून आवाज काही झाला नाही, त्याचाही तिला राग आला.

"चुंबक काढलेला स्पीकर परत जोडता येतो का? बोल. तू वाइंडिंगवाला आहेस ना? येतो का जोडता?"

"जोडता येतो, पण..."

"पण काय?"

"पहिल्यासारखा वाजत नाही. एकदा सुटं केलं की चुंबकाची ताकद थोडी उतरते. आणि ती मधली फट पुन्हा तशी जुळत नाही. कॉइल घासते."

"हे तुला छन्नी लावायच्या आधी माहीत होतं?"

त्याने हातातला सॅंडपेपर घडी करून टेबलावर ठेवला.

"माहीत होतं की नाही?"

"होतं," बारक्या म्हणाला.

तिला वाटलं होतं तो खोटं बोलेल. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. नकळत झालं, घाईत झालं, असं काहीतरी म्हणाला असता तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती.

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तरही माहीत होतं तुला!"

आता तोही उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ताई, किती वेळा जातात गं ते बॉक्स बाहेर? सगळे त्या दणकाकडे जातात. हलके बॉक्स, रंगीत लाइट. तुझ्याकडे येतात ते ज्यांना दणका परवडत नाही ते. एवढी मोठी चुंबकं इथे कुठे मिळतात? मी शोधून शोधून थकलो. आणि ती इथे पाच पावलांवर, अंधारात, धूळ खात पडलेली! तो इंजिनिअर सगळ्यांसमोर हसला मला. म्हणाला, लोखंडाच्या गाभ्याशिवाय कॉइल करून मोटार फिरवणार? खेळणं होईल. मला त्याच्या तोंडावर फिरवून दाखवायचीय."

"दाखव ना. माझ्या बॉक्सांवर कशाला?"

"बघ तरी एकदा."

"मला नाही बघायचं."

पण त्याने चकती दांड्यावर बसवली, वर कॉइलची फळी ठेवली. राळेत घट्ट बसवलेल्या चपट्या कॉइली होत्या, गवंड्याच्या थापीसारख्या, एकीला एक चिकटून, एकही तार उसवलेली नाही. त्याचं वाइंडिंग नेहमीच असं असायचं. शेवटी त्याने प्रवाहाची दिशा बदलत राहणाऱ्या सर्किटमधून बॅटरीची वायर लावली.

चकती एकदा हिसका देऊन थांबली. त्याने बोटाने ढकलली, आणि ती फिरायला लागली. आधी सावकाश, मग चारही चुंबकं मिसळून एकच काळा पट्टा दिसायला लागला. खोलीत गरम राळेचा वास पसरला. आवाज असा नव्हताच, नुसती हवा कापल्याची कुजबुज. त्याने वायर काढली तरी चकती फिरतच राहिली.

काम चांगलं होतं. आवाज आणि कॉइल यांतलं तिला कळत होतं, म्हणून ते चांगलं आहे हेही कळलं. आणि त्याचाच तिला जास्त राग आला. भंगार केलं असतं तर उचलून फेकून तरी देता आलं असतं.

"उद्या गेटवर सभा आहे," ती म्हणाली. "तुला परत कामावर घ्या म्हणून. तुझ्या नावाने तिथे सगळे घसा फोडणार आहेत. बॉक्स माझे सांगितलेत. परवा जेवताना सांगितलं होतं मी तुला. तू हं म्हणालास."

बारक्याचं तोंड उघडं राहिलं. त्याला ते आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"मी... मला वाटलं..."

"तुला काही वाटलं नाही. तू ऐकलंच नाहीस."

तेवढ्यात दारात आई आली. तिच्या ओंजळीत मटारच्या शेंगा होत्या. भांडणाचा आवाज वाढला की हातातलं काम सोडून यायची तिची पद्धत नव्हती, काम घेऊन यायची.

"त्याला का ओरडतेस? मीच म्हटलं घे म्हणून."

भोंगेवाली वळली. "काय म्हटलंस?"

"त्याने विचारलं मला. आई, बाबांचे जुने बॉक्स उघडू का? मी म्हटलं, उघड. पडूनच तर आहेत. लहान आहे तो, त्याला कशाततरी मन रमवू दे."

"लहान? चाळिशीला टेकला तो, आई!"

"माझ्यासाठी लहानच."

"आणि मी? मला विचारावंसं वाटलं नाही?"

आईने शेंगेची शीर ओढून काढली. "त्यात काय विचारायचं? तुझ्या बाबांचे होते. मी दिले त्याला."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. आईच्या मनात पाप नव्हतं. पेला उचलून द्यावा तसे दिले होते. नवऱ्याचं होतं, मुलाला दिलं. मधे एक बाई बारा महिने तेरा त्रिकाळ ते बॉक्स पाठीवर वाहते आहे, कोन चिकटवते आहे, त्याच बॉक्सांवर या घराचा चहा उकळतो आहे, हे आईच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं.

"बाबांचे होते," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, आणि बारक्या ओरडण्यापेक्षा त्या आवाजाला घाबरला. "बरं. चल रे. चप्पल घाल."

"कुठे?"

"दणकाकडे. उचलायला."

दणकाचं दुकान चौकात होतं. त्याचं नावही दणका, त्याच्या दुकानाचंही दणका, आणि कुणाच्या खिडकीच्या काचा हादरल्या की लोक म्हणत तेही दणकाच. वडिलांच्या हाताखाली तो वायरी गुंडाळायला शिकला होता. आता त्याच्याकडे हाताखाली माणसं होती. भोंगेवालीने आजवर त्याच्याकडून साधी पिनही मागितली नव्हती.

"ताई! या या," दणका खुर्चीतून न उठताच म्हणाला. "एकदाच्या आलात म्हणायच्या."

"उद्या दुपारपुरते दोन बॉक्स हवेत."

"तुमच्या त्या रणगाड्यांना काय झालं?"

बारक्या तिच्या मागे उभा होता. त्याने खाकरून काही बोलायचा प्रयत्न केला. तिने मागे न बघता हात वर करून त्याला गप्प केलं. "दुरुस्तीला काढलेत."

"चारही एकदम?" दणका हसला. "न्या की. आपलंच घर आहे. फक्त आमचं कापड लावावं लागेल हं पुढून. तेवढं चालेल ना?"

आणि असं झालं की दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर भोंगेवालीच्या अँप्लिफायरला दणकाचे बॉक्स जोडले गेले, आणि त्यांच्यावर लाल अक्षरांत दणका, दणका असं लिहिलेलं कापड. बॉक्स हलके होते. बारक्याने दोन्ही हातांत एकेक उचलून आणले. तिने त्याला एक शब्दही बोलायची गरज पडू दिली नाही. बोट दाखवायची, तो ठेवायचा.

पाळी सुटली तशी माणसं बाहेर आली. कुणी सायकल धरून, कुणी डबा काखेत मारून उभं राहिलं. युनियनचा सेक्रेटरी पिंपावर चढला. तो बुटका होता आणि माइक तोंडात घालून बोलायचा, म्हणून ती सतत बटणावर हात ठेवून होती. त्याने कापडाकडे बघून भुवई उंचावली. तिने मान फिरवली.

सेक्रेटरी बोलला. काढलेल्या दोघांपैकी एक बोलला. मग बारक्याला वर ढकललं.

बारक्याला भाषण येत नव्हतं, पण तारेविषयी बोलता येत होतं. बारीक तार का तापते, तापली की इनॅमल कसं सुटतं, मोटार आतल्या आत कशी भाजून निघते, आणि शेवटी ज्याच्या विहिरीवर ती बसवलेली असते तो कारखान्याच्या नावाने बोटं का मोडतो, हे त्याने इतकं नीट सांगितलं की मागे उभी असलेली माणसं पुढे सरकली. तिला नको असताना ती ऐकत होती.

मग तो थांबला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "आणि आणखी एक. आज इथे जे बॉक्स आहेत ते माझ्या बहिणीचे नाहीत. तिचे मी..."

तिने बटण फिरवलं.

बारक्याचे ओठ हलत राहिले. माणसं कान टवकारून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "आवाज गेला!" बारक्याने माइकवर टिचकी मारली. मग त्याला कळलं. त्याने अँप्लिफायरकडे बघितलं. ती त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, हाताची घडी घालून उभी होती.

"इथे नाही," ती तिथूनच म्हणाली. माइकशिवायही तिचा आवाज पुढच्या चार रांगांना गेला. "घरी. आईसमोर."

माणसांना काही कळलं नाही, पण हशा पिकला. भाऊबहिणीचं काहीतरी आहे एवढं कुणालाही कळतं. सेक्रेटरीने माइक काढून घेतला, तिने आवाज पुन्हा वाढवला, आणि सभा पुढे चालू झाली.

बॉक्स परत केल्यावर दोघं घरी आली. आई स्वयंपाकघरात होती. भोंगेवाली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बारक्या मधोमध उभा, शाळेत उभं केल्यासारखा.

"आई," तो म्हणाला, "ते बॉक्स ताईचे होते. मी तिला विचारायला हवं होतं, तुला नाही. मला माहीत होतं ते तिचे आहेत. म्हणूनच तुला विचारलं."

शेवटचं वाक्य भोंगेवालीला अपेक्षित नव्हतं. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

आईने पदराला हात पुसले. "बरं. असेल तसं. मला काय कळतंय त्यातलं? हात धुऊन घ्या दोघं."

"आई, तू काही म्हणणार नाहीस?"

"काय म्हणू? तो म्हणाला ना?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"उगीच शब्दाला शब्द वाढवू नकोस गं. घरातलं घरात राहिलं. बाहेर कुठे गेलंय?"

भोंगेवालीला ताट आपटावं, दार आपटावं असं वाटलं. पण तिने काहीच आपटलं नाही. शांतपणे बाहेर जाऊन घरापुढच्या त्यांच्या दुकानाच्या पाटीखाली उभी राहिली, आणि दोघांना बाहेर बोलावलं. पाटी वडिलांनी बारक्याच्या जन्मानंतर रंगवून घेतली होती. वडिलांचं नाव, आणि खाली: आणि चिरंजीव.

"हे वाचा. इतकी वर्षं मी याच्याखाली बसले आणि काही बोलले नाही. आता ऐका. बाबांचं ते चिरंजीवांचं असेल, तर सगळंच चिरंजीवांचं. वीज, पाणी, किराणा, आईचं औषध, गोदामाचं गळकं छप्पर, सगळं. पहिल्या तारखेपासून बारक्याने बघायचं. वारसा आला तर अख्खा येतो, आई, नुसती चुंबकं येत नाहीत. अँप्लिफायर आणि माइक मी माझ्या पैशांनी घेतलेत. ते माझे. मी माझ्यापुरतं बघेन."

"अगं, त्याला नोकरी नाही," आई म्हणाली.

"मला होती. टेलिफोन ऑफिसात. विचारलं होतंस मला, सोडतेस का म्हणून?"

आई आत निघून गेली. ते सगळं तिच्यापर्यंत पोचलं की नाही, ते भोंगेवालीला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

कारखान्याने सभेनंतर त्या दोघांना परत घेतलं. बारक्याला घेतलं नाही. इंजिनिअर म्हणे, तो असेल तर मी नाही. बारक्या दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि मग उठून पलीकडच्या रस्त्यावरच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. त्याच कारखान्याच्या जळलेल्या मोटारी तिथे यायच्या. तो त्या जाड तारेने भरायचा आणि दिवसभर पुटपुटत शिव्या घालायचा. संध्याकाळी किराण्याची पिशवी घेऊन यायचा. आई म्हणायची, पोरगा किती वाळला बघ. भोंगेवाली ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

ती त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. "उचल," "ठेव," "वायर सोड," एवढं बोलायची. बाजारातून जुने दोन बॉक्स तिने घेतले होते, लहान पण धड. सुट्टीच्या दिवशी ते उचलायला तो न सांगता यायचा. तिने त्याला कधी बोलावलं नाही आणि कधी नकोही म्हटलं नाही. चार मोठे रिकामे बॉक्स गोदामात तसेच होते. त्यांच्याकडे बघितलं की तिचा दिवस खराब व्हायचा, म्हणून त्यांच्यावर तिने ताडपत्री टाकली.

मोटार मागच्या खोलीत होती. बारक्या रविवारी तिच्यावर काम करायचा.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. ती दुकानात बसून माइकच्या पिनेला सोल्डरिंगचा टाका मारत होती. मागच्या खोलीतून चकतीची कुजबुज येत होती, आणि त्या कुजबुजीत, दर फेऱ्याला, अगदी बारीक, नख ओढल्यासारखं काहीतरी. तिने दुर्लक्ष केलं. पुन्हा आलं. तिने पिन फिरवून बघितली, फुंकर मारली. पुन्हा तेच. शेवटी ती उठली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"घासतंय."

बारक्या दचकला. "काय?"

"एक चुंबक वर उचललं गेलंय. कॉइलला घासतंय."

"नाही गं, मी कालच फट बघितली चारही बाजूंनी. सारखी आहे."

"तुझी फट घाल चुलीत. बंद कर आणि ऐक."

त्याने वायर काढली. चकती आपल्या वेगाने फिरत राहिली, हळूहळू मंदावत. दोघं ऐकत राहिली. खर्र... खर्र... मग आणखी सावकाश, खर्र.

"तुला दुकानातून ऐकू आलं?"

"माझी चुंबकं आहेत ती," ती म्हणाली. "मला नाही ऐकू येणार तर कुणाला?"

"तुझीच आहेत," बारक्या म्हणाला, आणि पाना घ्यायला वाकला.

ती आणखी थोडा वेळ तिथेच थांबली. तो कुठला नट आधी सोडतो, ते तिला बघायचं होतं. त्याने बरोबर सोडला. मग तिला जळका वास आला. गरम सोल्डरिंगची सळई टेबलावर तशीच ठेवून ती आली होती. धावत दुकानात गेली तर टेबलाला काळा डाग पडला होता, आणि त्याचंही खापर तिने बारक्यावरच फोडलं, चांगलं मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं.